खाडीच्या तोंडावरचा पाटील

त्या जहाजाला अण्णा ‘पाटील’ म्हणायचे. तीन मजली, काळ्या शिडांचं, दोन्ही अंगांना तोफाच तोफा. कॉम्प्युटरवरच्या त्या समुद्रात ते एका चिंचोळ्या खाडीच्या तोंडाशी चावडीत बसल्यासारखं बसून असे आणि अण्णांचं जहाज दिसलं की बुडवी. खाडीपलीकडे एक बेट होतं. नकाशावर त्याची नुसती कड दिसायची.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आर्जवने, नातवाने, आजोबांना हा चाच्यांचा खेळ घालून दिला होता. धन्यकुमार अण्णांनी त्यात दोन वर्षांत एकही जहाज लुटलं नाही. बाकीचे चाचे रम वाहायचे, हे साखर. “दारू आपल्या जैनांत चालत न्हाई. साखर चालती,” म्हणायचे. पाटलाने बुडवलं की हात जोडून “उत्तम क्षमा, पाटील” म्हणत आणि पुन्हा बंदरातून निघत. गेल्या महिन्यात ते गेले.

परवा आई लेकीला, चंदनाला, म्हणाली होती, “त्या बेटावर काय हाय त्ये तेवढं बघून सांग बाई. ह्यांचा जीव तितंच अडकला हुता.” चंदनाची पुण्याची गाडी उद्या सकाळची होती. म्हणून आज दुपारपासून ती अण्णांच्या खुर्चीत बसली होती. एकदा तरी पार व्हायचं, तेही अण्णांच्या रीतीने, तोफ न डागता.

सात वेळा ती बुडाली. काठाकाठाने गेली, धुक्यात गेली, वारा पाठीशी घेऊन गेली. पाटील नुसता कूस बदलायचा आणि पडदा काळा व्हायचा. तिची मान आखडली होती. रडू येत नव्हतं. रडायलाही अंगात काहीतरी लागतं.

आई, पद्मावतीबाई, ताट घेऊन आली. “दिवस मावळायच्या आत दोन घास खा. सरलं का त्ये?”

“नाही गं.”

आई शेजारी स्टुलावर बसली. आठव्यांदा पाटील समोर आला. आई पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “मार की तोफ.”

“आई! तू सांगतेस हे?”

“मार. पाप लागलं तर माज्या माथी. लय वाट बघितली ह्यांनी.”

दिवसभर चंदनाने त्या बटणापासून बोट लांब ठेवलं होतं. त्याचा तिला जरासा अभिमानही वाटत होता. तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. कोपऱ्यात अक्षरं उमटली: जहाजावर तोफा नाहीत. तोवर पाटलाने आपलं काम केलं.

तिने जहाजाची यादी उघडली. तोफांच्या सगळ्या जागी साखरेची पोती होती.

“विकून टाकल्यात अण्णांनी. अगदी पहिल्याच बंदरात.”

“म्हंजे दोन वर्सं रिकाम्या हातानं जात हुते?” आईने तोंडाला पदर लावला. चंदनाला वाटलं, आता रडणार. पण आई हसत होती. “आणि मला वाटायचं, मनात आणलं तर मारतील, दया करून सोडत्यात! लबाड माणूस.”

चंदनालाही महिन्याने हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. “तोफा घ्यायच्या तर मागे जावं लागेल. साखर विकायची, मग एकेक घ्यायची. पाच-सहा दिवस जातील. मला उद्या निघायचंय.”

“तोफा कशाला? मला शिकव. जाते मी साखर घेऊन.”

“बुडशील.”

“बुडंन. कवा तरी त्या पाटलाला डुलकी लागंल का न्हाई?”

चंदना खुर्चीतून उठली. उठताना तिचे गुडघे वाजले. आई चष्मा सावरून खुर्चीत बसली. बाणांची चार बटणं चंदनाने दाखवली, पुन्हा दाखवली. जहाज बंदरातून निघालं आणि सरळ धक्क्याच्या भिंतीवर जाऊन आपटलं.

“आवं, ह्ये वळतंय कुनीकडं!” आई सवयीने, मागे न बघता म्हणाली.

चंदनाने वाकून आईचं बोट डावीकडच्या बाणावरून उचललं आणि उजवीकडच्या बाणावर ठेवलं.