संतरामच्या जीपला वूफर बसला

कुरुंद्याहून वसमतला जाणाऱ्या जिपा दोन. एक रतनसिंगची, एक संतरामची. दोन्ही सारख्याच म्हाताऱ्या, दोन्हींच्या सीटमधून स्पंज सारखाच बाहेर डोकावणारा. फरक एवढाच, की रतनसिंगच्या जीपमध्ये गाणी वाजायची आणि संतरामच्या जीपमध्ये वाजायचं ते फक्त दार. त्यामुळे हळद काढायला जाणारी बायकांची टोळी हल्ली सकाळी रतनसिंगकडे वळली होती. टोळीची मुकादम सखुबाई. सखुबाईनं ज्या जीपमध्ये पाय ठेवला, तिच्यात सगळी टोळी चढणार. आणि सकाळची टोळी गेली म्हणजे संतरामचा दिवसच गेला.

"पप्पा, टेप बसवा," त्याची लेक आरोही म्हणाली.

आरोही दहावीत. गॅदरिंगला सूत्रसंचालन केल्यापासून तिला जगातलं जवळपास सगळं कळायला लागलं होतं. उरलेलं ती मोबाइलवर बघून घ्यायची. आठवडाभर तिनं टेपचे इतके व्हिडिओ पाहिले, की आईनं तिला भाजी ढवळायला सांगितली तर म्हणाली, "व्हॉल्यूम किती ठेवू?"

रविवारी बापलेक वसमतला मुजीबभाईंच्या दुकानात. संतरामनं समोरचाच साधा डेक उचलला. "हा अन् दोन स्पीकर. आवाज निघाला म्हंजे झालं."

"आवाज तर आपल्या हॉर्नचाबी निघतो, पप्पा. बेस पायजे, बेस!"

"ते काय असतंय?"

"जे कानाला न्हाई, पोटाला ऐकू येतं."

"माझ्या पोटाला निस्ती भाकर ऐकू येते, माय."

मुजीबभाईंनी हसत एक काळा डबा, म्हणजे वूफर, लावून दाखवला. काउंटरची काच थरथरली, संतरामच्या चहावर लाटा उठल्या. आरोहीनं डोळे मिटून मान हलवली, जणू वूफरच्या मांडीवरच लहानाची मोठी झाली. मग तिनं डब्यावर बोटानं टकटक केलं. त्यातून तिला काय समजलं ते तिलाच ठाऊक.

"बेटी, जीप में छोटा भी चलेगा," मुजीबभाई म्हणाले.

"न्हाई काका. मोठाच!"

मुजीबभाईंनी डॅशबोर्ड उघडला, बॅटरीपासून मागपर्यंत तार ओढली आणि वूफर मागच्या बाकाखाली स्क्रूनं आवळला. आरोही टॉर्च धरून हुकूम सोडत होती. संतराम पायरीवर बसून जीपची आतडी बघत होता. नातेवाइकाचं ऑपरेशन चालू असल्यासारखा.

सोमवारी सकाळी स्टँडवर पहिलं गाणं लागलं आणि सखुबाईनं रतनसिंगच्या जीपमधून मान बाहेर काढली.

"काय गं आरोहे, काय वाजून राहिलं?"

"इकडं या मावशी. जीप जुनी, आवाज नवा!"

टोळी आली. जीप गच्च भरली. आरोही बापाशेजारी मंत्र्यासारखी बसली.

आता आमच्याकडच्या जिपांची एक रीत आहे. उतरायचं असलं, की मागच्या माणसानं पत्र्यावर दोन थापा मारायच्या. संतरामनं उभ्या जन्मात मागं वळून पाहिलं नव्हतं. थाप ऐकायचा तो त्याचा पाय. गाण्यात ढोल आला, धम् धम्. पाय ब्रेकवर. बायका एकमेकींच्या अंगावर.

"कोण उतरतंय?"

"कोनीच न्हाई!"

पुन्हा धम् धम्, पुन्हा ब्रेक. कुणाचा तरी डबा गडगडत पुढं आला.

"पप्पा, तो वूफर आहे! तुमी थांबूच नका. थांबायचं तवा मी सांगते," आरोही म्हणाली, आणि गाण्यात बुडाली.

कॅनॉलचा पूल आला. हळदीचं शेत इथंच. सखुबाईनं दोन थापा मारल्या. संतराम आज्ञाधारक, थांबला नाही. सखुबाईनं दोन्ही तळहातांनी पत्रा बडवला. आरोहीनं मागं बघितलं आणि तिचं ऊर भरून आलं. "पप्पा, बघा, मावशी ताल धरून राहिल्या!" तिनं आवाज वाढवला. मग सगळी टोळीच पत्रा बडवायला लागली. आरोहीला वाटलं, गॅदरिंगलासुद्धा असं पब्लिक नव्हतं.

वसमतच्या वेशीशी गाणं संपलं, आणि त्या शांततेत आवाज आला, "संतराम, मेल्या, थांबव!"

सखुबाई उतरली. पदर खोचला. "हळद पुलापाशी, अन् तू आमाला बाजार दाखवायला आणलंस व्हय?"

"चुकलं मावशी. ही पोरगी..."

"पोरीचं नाव नको सांगू. उद्यापासून रतनसिंग. त्याचा टेप खरखरतो, पर उतरू तर देतो."

टोळीला परत पुलावर सोडताना डेक बंद होता. संतरामनं चार शिव्या दिल्या असत्या तर आरोहीला बरं वाटलं असतं. शाळेच्या फाटकाशी एवढंच म्हणाला, "रविवारी तो डबा काढून देऊ."

इतिहासाच्या तासाला आरोही धड्यातल्या तहात नव्हती, वसमतच्या वेशीवर होती. सखुबाईचा आवाज कधी ऐकू आला? गाणं संपल्यावर! संध्याकाळी तिनं डेकचा खोका उलटा केला. प्लास्टिकमधला रिमोट खाली पडला.

सकाळी ती थेट रतनसिंगच्या जीपच्या खिडकीशी गेली.

"मावशी, चूक माझी होती, पप्पांची न्हाई. हे घ्या. ही कळ दाबली की गाणं बंद. गाणं बंद झालं की पप्पांचा पाय ब्रेकवर. थाप मारायचं कामच न्हाई."

सखुबाईनं रिमोट उलटा धरला. "अन् आवाज कमी करायचा असला तर?"

"ही कळ."

"गाणं आवडलं न्हाई तर?"

"ही."

"म्हंजे अख्खा टेप माझ्याच हातात?"

"अख्खा."

सखुबाई उठली. मागोमाग टोळी उठली.

"काहून मावशी, उतरल्या काहून?" रतनसिंग ओरडला.

"तुझ्या टेपला आमच्या हातातली कळ हाय का? मंग बस!"

त्या दिवशी पुलापर्यंत गाणं किती वेळा बंद पडलं याला सुमार नाही. दर वेळी संतराम थांबायचा आणि विचारायचा, "कोण उतरतंय?"

"कोनी न्हाई. बराबर चालतंय का बघून राहिले!"

संतरामनं आरोहीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेरचं शेत फारच लक्ष देऊन बघत होती.

पूल आला. टोळी उतरली. सखुबाईनं गाणं बंद करून रिमोट पदराच्या टोकात बांधला आणि चालू लागली.

"मावशी, रिमोट!" आरोही ओरडली.

"राहू दे. संध्याकाळी ह्याच जीपनं जायचंय न आमाला?"

संतराम दिवसभर बिनगाण्याची जीप चालवत होता, आणि स्वतःच शीळ घालत होता.