मत्तीखालची किल्ली

"अहो साहेब, पासवर्ड आम्ही विसरलो नाही. ज्याला ठाऊक होता ते माणूस गेलं," मयूरीनं व्हिडिओ ठेवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं आणि पलीकडचं ऐकून डोळे मिटून घेतले.

केशर उंबऱ्याशी बसून करांद्याचे कंद सोलत होती. हात सुरीवर होता, पण कान लेकीच्या फोनला लागले होते.

"काय म्हणतोय गं?"

"म्हणतोय, ऐकून वाईट वाटलं."

"बरं हाय पोरगं. आन् किल्ली?"

"किल्ली त्यांच्याकडं नसतेच, आये. जागा त्यांची, कुलूप आपलं. आत काय ठेवलंय ते त्यांना पण दिसत नाही. तेवढ्यासाठीच तर बाबांनी ही कंपनी धरली होती."

केशरनं सोललेला करांदा पाण्यात टाकला. जागा द्यायची आणि आत डोकावायचं नाही! उळवीच्या वाटेवरच्या या वाडीत असं माणूस तिला एकही आठवेना. शेजारच्या रुक्माकडे बियाण्याचं गाठोडं माळ्यावर ठेवायला दिलं, तर परत येताना त्याची गाठ दुसऱ्याच हाताची असायची. केशर बोलायची नाही. पण कुणाची गाठ कशी असते, हे तिच्या डोक्यात पक्कं नोंदलेलं होतं. कोण चहाला येतं आणि कोण चहाच्या वेळेला येतं, यातला फरक तिच्याइतका कुणाला कळत नव्हता.

झालं होतं असं, की वळवाची वीज मागच्या फणसावर पडली आणि टीव्हीमागचा छोटा काळा डबा जळाला. मयूरी बेळगावला दवाखान्याच्या कचेरीत कामाला. ती रजा टाकून नवा डबा घेऊन आली. डबा लागला, टीव्ही लागला. पण केशरच्या नवऱ्यानं, गुरुदासनं, क्लाउडमध्ये ठेवलेल्या व्हिडिओंच्या जागी नुसती अक्षरांची आणि आकड्यांची रांग उभी राहिली. कुणी अक्षतांसारखी अक्षरं उधळावीत तशी. जुन्या डब्याला किल्ली पाठ होती. नव्याला ती सांगायला हवी होती, आणि सांगणारा मार्गशीर्षातच गेला होता.

गुरुदास टेलिफोनच्या तारांवर काम करायचा, कंत्राटी. जन्मभर खांबावर चढून इतरांची बोलणी जोडली, स्वतः मात्र दिवसाला पाच-सहा वाक्यांवर भागवलं. बोलण्यातली सगळी काटकसर त्यानं कॅमेऱ्यावर उधळली. रामनगरच्या एका फोटोवाल्याकडून जुना व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि वाडीतली लग्नं, शिगमा, उळवीची जत्रा, जे दिसेल ते टिपत सुटला. हातात दिवा धरून मागे केशर. कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी धरायला लागली, तेव्हा त्या बेळगावला नेऊन डिस्कवर उतरवल्या. डिस्कमध्ये मुंग्यांनी संसार मांडला. मग पंचायतीपर्यंत आलेली इंटरनेटची तार त्यानं स्वतःच्या घरापर्यंत ओढली आणि सगळं वर चढवलं.

कुलपाचा हट्ट केशरचा. पलीकडच्या गावात कुणा नवरीचं रडणं फोनाफोनांतून फिरलं होतं आणि लोक हसले होते. "आपल्या पोरींचं असं व्हायचं न्हाई. जे उघडायचं न्हाई असं कुलूप लाव," ती म्हणाली होती. गुरुदासनं ऐकलं. बायकोचं त्यानं इतकं तंतोतंत ऐकलं, ते हेच.

आठवड्याला एकदा वाडी त्यांच्या ओटीवर जमायची. लोक चित्र बघायचे आणि चित्रातल्या स्वतःला शोधायचे. केशर चित्राच्या मागचं ऐकायची. गुरुदास कुठल्याच व्हिडिओत दिसत नव्हता, कसा दिसणार? पण प्रत्येकात कुठेतरी त्याचा खोकला होता, आणि मध्येच हळू आवाजात, "केशर, उजेड." ती पाच-सहा वाक्यं जगात आता तेवढ्याच ठिकाणी उरली होती.

"बाबांचा फोन दे," मयूरी म्हणाली. "किल्लीची फाईल त्यातच असणार. ट्रंकेत ठेवलायस ना?"

केशरची सुरी थांबली.

"दिला."

"कुणाला?"

"त्यालाच."

मयूरी बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. वाडीची रीत होती: बाराव्याला गेलेल्या माणसाच्या जिवाभावाच्या वस्तू मडक्यात घालून शिवेवरच्या मत्तीच्या झाडाखाली ठेवायच्या. कुणाची पानाची चंची, कुणाचा कोयता. तिथं थोरली माणसंच जायची. ठेवलेलं पुन्हा घरात आणायचं नाही. आणलं तर गेलेला मागोमाग येतो आणि त्याला धड इथली वाट राहत नाही, धड तिथली.

"आये! फोन कुणी मडक्यात ठेवतं का?"

"कोयता तर त्यानं कधी धरला न्हाई. मग ठिवायचं काय, माझं कपाळ? जीव त्याचा त्यातच हुता. पिशवीत घालून तोंड बांधून ठिवलाय, पाणी जायचं न्हाई."

"मी जाऊन घेऊन येते."

"उंबऱ्याच्या आत न्हाई आणायचा," केशर म्हणाली. एवढंच म्हणाली, पण मयूरी पुन्हा खाली बसली.

करांदे शिजेपर्यंत केशरनं लेकीला किल्लीबद्दल खोदून खोदून विचारलं. मग ताटलीत चार गरम करांदे घेऊन ती थोरल्या दिराच्या अंगणात गेली. म्हादू वाडीच्या रीतीभातींचा राखणदार. शिगम्याच्या व्हिडिओत तरुणपणीचा म्हादू ढोल वाजवत होता, आणि तेवढा भाग कुणी पुढे सरकवलेला त्याला खपत नव्हता. केशरच्या हिशेबात हे होतंच.

"डबा झाला काय सुरू?" त्यानं करांदा उचलत विचारलं.

"न्हाई अजून. भावजी, एक इचारू? शिवेवर गेलेलं माणूस येताना तिथला वारा अंगावर घिऊन येतं. त्याला आपण घराभायेर ठिवतो काय?"

"वाऱ्याला कोण अडवणार? पाय धुवायचे आन् आत यायचं."

"आन् तिथं काय ऐकलं, ते ध्यानात धरून घरी आणलं तर?"

"ऐकल्याला काय वजन असतंय? वस्तू आणायची न्हाई. जी पिशवीत बसती ती वस्तू."

"मग झालं तर," केशर उठली. "मयूरी म्हणती, फोन जागचा हालवायला नको. शेजारी दुसरा फोन धरला की किल्ली वाऱ्यावरनंच ह्यातनं त्यात जाती."

म्हादूचा घास तोंडातच राहिला. त्यानं करांद्यांकडे पाहिलं, मग केशरकडे.

"मयूरीचे आये, ह्यासाठी करांदे व्हय?"

"करांदे शिजलेच हुते."

बराच वेळ म्हादू अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसला. कोंबड्यांकडून काही निवाडा आला नाही. शेवटी तो खांद्यावर घोंगडं टाकत म्हणाला, "मी येतो संगं. वस्तू तिथनं हालली, तर मी बोलणार."

मत्तीखाली ऊन तुकड्यातुकड्यानं पडलं होतं. केशरनं मडक्यावरची परात काढली, पिशवीची गाठ तपासली. तिचीच होती. आत फोन होता, कोरडा. शेजारी त्याचा खोकल्याच्या औषधाचा डबा. मयूरीनं पॉवर बँक जोडली. तिघंही मडक्याभोवती उकिडवी बसली. कितीतरी वेळ काच काळीच होती, आणि केशर त्या काळ्या काचेत मत्तीची पानं हलताना बघत होती. चालू नाही झाला, तर? ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग काच उजळली.

"लॉक काय असेल?" मयूरी पुटपुटली. तिनं बोट फिरवलं, तर फोन सरळ उघडला. वाडीच्या लग्नांना कंपनीलाही न उघडणारं कुलूप, आणि खिशातल्या फोनला साधी कडी नाही. केशरला हसू आलं.

मयूरीनं फाईल शोधली. 'घरकिल्ली' असं नाव होतं. दोन फोन जवळजवळ धरले.

"गेलं काय?" म्हादूनं विचारलं.

"आली, दोड्डप्पा," मयूरी थोरल्या काकाला म्हणाली.

"मला तर काय दिसलं न्हाई." त्यानं पुतणीचा फोन मागून घेतला, तळहातावर ठेवून बियाणं जोखावं तसं जोखलं, मग दुसऱ्या हातावर घेऊन पुन्हा जोखलं. "जड झाल्याला न्हाई," तो म्हणाला आणि फोन परत दिला. निवाडा झाला होता.

मयूरी वायर काढायला लागली, तशी केशरनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. पुरता भरू दे."

"आये, आता कशाला? पडूनच तर राहणार."

"अर्धपोटी कशाला ठिवायचा?"

मयूरीनं वायर पुन्हा नीट बसवली. म्हादूनं घोंगडं अंथरलं आणि पाय पसरले. घाई त्यालाही नव्हती. मध्येच त्यानं विचारलं, "त्याला हितं रेंज हाय काय गं?"

"एक कांडी आहे," मयूरी म्हणाली.

"मग बरं हाय."

फोन भरल्यावर केशरनं तो पदरानं पुसला, पिशवीत घातला, तशीच गाठ मारली. परात झाकली. घरी येऊन तिघांनी पाय धुतले.

दिवेलागणीला ओटी भरली. रुक्मा चहाच्या वेळेला आली. केशरनं नोंद घेतली आणि कपही दिला. मयूरी टीव्हीपुढे बसून किल्ली भरत होती. अक्षतांसारखी उधळलेली अक्षरं एकदम नाहीशी झाली आणि त्या जागी गुरुदासनं दिलेली नावं ओळीनं उभी राहिली: ताराचं लगीन, शिगमा, उळवी जत्रा. लोक ओरडले. म्हादूनं खाकरून शिगमा मागितला.

"आधी आयेला विचारू," मयूरी म्हणाली. "कुठलं लावू?"

"कायबी लाव," केशर म्हणाली.

ताराचं लग्न लागलं. पहिल्यांदा नुसता अंधार आणि सनईचा तुकडा. मग दिवा पेटला. मांडवाच्या खांबावर, कुणाच्या पागोट्यावर, नवरीच्या मुंडावळ्यांवर उजेड थरथरत फिरला. पुढे बसलेली माणसं आपापली तोंडं ओळखून एकमेकांना कोपरं मारू लागली.

त्या गलबल्यात, चित्राच्या अगदी मागे, कुणीतरी खोकलं.

"केशर, हात हालतोय तुझा."

दाराशी बसलेल्या केशरनं डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं, आणि पडद्यावरचा उजेड नवरीच्या तोंडावर स्थिर होईपर्यंत ते तसंच घट्ट धरून ठेवलं.