काट्यावर चढलेलं वजन

उत्तमराव तलमडुगूला कापूस विकत घेत. गोदामातला काटा खोटं बोलत नाही, यावर त्यांचा देवाइतका विश्वास. सत्त्याण्णव साली निर्मल गावाहून मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांनी 'मुलीचं वजन जरा उतरू द्या, मग लग्नाची तारीख काढू' म्हटलं, तेव्हा ते लेकीला, रुख्मिणीला, हैदराबादच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यानं भूक मारणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. दर सोमवारी मजूर जेवायला गेले की उत्तमराव लेकीला काट्यावर उभं करू लागले.

सुरुवातीला वजन भराभर उतरलं. डॉक्टरनं पुन्हा तपासायला बोलावलं होतं. "गुण आला, आता काऊन जायचं?" म्हणत त्यांनी औषधवाल्याला गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवून त्या चालूच ठेवल्या.

दिवाळीनंतर रुख्मिणी ओसरीच्या पायऱ्या चढतानाही थांबू लागली.

"बाबा, दम लागून राह्यला."

"चरबी वितळते तवा लागतेच दम."

मग काटा उलटा फिरला. वजन चढू लागलं.

"चोरून खाऊन राह्यली का व हे?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अर्धी भाकर जात नाही तिले," भागाबाई म्हणाली. "पाय तं पाहा. पैंजण रुतून राह्यले."

"मंग हवा खाऊनच फुगली म्हणायची."

त्यांनी कोठीघराला कुलूप घातलं आणि रोज एका गोळीच्या जागी दोन द्यायला सुरुवात केली.

पौषात ती विहिरीवर चक्कर येऊन पडली. नागपूरच्या डॉक्टरनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो लवकर भरेना.

"ही चरबी नाही, पाणी आहे. गोळ्यांनी फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळल्या. त्यांतून रक्त ढकलून ढकलून हृदय थकलं, म्हणून अंगात पाणी साचलं. दम लागला तेव्हाच बंद करायच्या होत्या."

"आता करतो ना बंद."

"कराच. पण झालेलं नुकसान भरून येईल असं मी सांगणार नाही."

उत्तमराव त्या खड्ड्याकडे पाहत राहिले. कापसाला पाणी मारून आणलेली गाडी ते एक मूठ दाबून ओळखत. लेकीच्या पायाला मात्र त्यांनी कधी बोट लावून पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी कोठीघर उघडलं. "काय खाशीन, माय?"

रुख्मिणी लोडाला टेकून बसली होती; आडवं झालं की जीव घुसमटायचा. तिनं पिठलं-भाकर मागितली. दोन घास गेले.

"अजून एक," उत्तमराव म्हणाले.

"थांबा बाबा. श्वास घेऊ द्या पयले."

ते भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले.