पहिल्या वर्गात घुसलेली कामं

मेनफ्रेम संगणकावर कुठलं काम आधी आणि कुठलं मागाहून, हे ठरवणं ही तिची नोकरी. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांचा रक्तसाठा त्या एकाच अवाढव्य यंत्रावर नोंदलेला असे. हव्या त्या गटाची पिशवी कुठे आहे असं कुणी विचारलं, की एका सेकंदात उत्तर गेलंच पाहिजे. म्हणून चौकशी पहिल्या वर्गात आणि अहवाल-बिहवाल चौथ्या वर्गात, असे नियमच लिहून ठेवले होते.

गेले आठ दिवस मात्र सकाळी अकराच्या सुमाराला उत्तर यायला नऊ नऊ सेकंद लागत होते. रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला फोनवरच फैलावर घेतलं. "इथे टेबलावर माणूस आहे, आणि तुमचं यंत्र विचार करत बसलंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या तिने नियमांची यादी उघडली. रोजचे सगळे अहवाल कुणीतरी पहिल्या वर्गात घुसवले होते. बदल करणाऱ्याचं नाव वाचून ती चरकली. नाव तिचंच होतं, तारीख मात्र तिच्या रजेतली.

तिचा पासवर्ड ठाऊक असलेला माणूस एकच, मास्तर. त्यांनीच तिला हे काम शिकवलेलं. रजेवर जाताना तिने तो त्यांना विश्वासाने दिला होता. आता एकेक गोष्ट तिला खुपायला लागली. साहेबांना अकराच्या बैठकीआधी अहवाल हवे असत, आणि मास्तरांना नोकरीची मुदतवाढ. हल्ली ती जवळ गेली की ते झटकन स्क्रीन बंद करत. कागद पुढे केला की, "ठेव तिथे, मग बघतो." म्हातारा चांगलाच पोहोचलेला दिसतोय, ती मनाशी म्हणाली.

साडेदहाला ती पाय न वाजवता त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. स्क्रीनवर अंगठ्याएवढी अक्षरं होती. मास्तरांचं नाक काचेला टेकायचंच बाकी होतं.

"माझ्या नावाने नियम कुणी बदलला, मास्तर?"

ते दचकले. "मीच. नव्या दवाखान्याची चौकशी वर घ्यायची होती. त्यांच्या कामांच्या नावांची पहिली दोन अक्षरं टाकली."

"एकच पडलंय. त्या अक्षराने नाव सुरू होणारे रोजचे सगळे अहवाल वर चढले."

"एकच?"

तिला पटेना. तिने हातातला कागद त्यांच्यापुढे धरला. "वाचा."

मास्तरांनी तो लांब धरला, जवळ घेतला, मग खाली ठेवला. "कशाला सत्त्व पाहतेस ग? नाही दिसत. वर्ष झालं."

तिची मान खाली गेली. तिने नियम दुरुस्त केला.

"साहेबांना मी सांगतो," मास्तर म्हणाले. "तुझ्या नावाला बट्टा नको."

अकरा वाजून गेले. "किती लागतायत?" त्यांनी विचारलं.

"पाऊण सेकंद."

"खरं सांगतेस, की माझं मन राखतेस?"

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.