टिकटिकमधले दोन क

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पाटी आहे. घड्याळ दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानावर माझे उभे आयुष्य गेले. माझ्या अंगावर एकच शब्द आहे : टिकटिक.

तो घड्याळजींच्या बायकोने रंगवला. "रंगारी कशाला? मीच लिहिते की," म्हणत तिने बाह्या सरसावल्या आणि मला फरशीवर आडवे केले. पहिला क ऐटीत उभा राहिला. दुसऱ्या क पर्यंत तिचा हात भरून आला होता. तो जरा पुढे झुकला.

घड्याळजी हसून म्हणाले, "हा क घाईत दिसतोय. गिऱ्हाईकच जणू!"

तिने तो तसाच ठेवला. लोक पत्ता सांगताना म्हणत, "निळ्या पाटीपाशी वळा." तेव्हा मला फार बरे वाटे.

मग ती आजारपणात गेली. मला पुसणारे कुणी उरले नाही. घड्याळजींनी तर मान वर करून बघणेच सोडले. माझा रंग उडाला. गंजाने पहिल्या 'टि'ची वेलांटी खाऊन टाकली.

पुढे सून घरात आली, कामही शिकली. सासूला तिने पाहिलेले नव्हते. घड्याळजी बायकोचा विषयच काढत नसत. अशातच रस्ता रुंद करायचे ठरले आणि दुकान हलवायची वेळ आली.

"तुम्ही जा. मी येणार नाही," घड्याळजी म्हणाले.

"बाबा, ही पाटी गंजलीय, पण नवी अगदी अशीच करून घेते. मग तरी याल ना?" सुनेने विचारले.

सून मला घेऊन डिझायनर बाईंकडे गेली. "मूळ फाइल आहे का?" बाईंनी विचारले.

"ही पाटीच काय ती."

बाईंनी माझा फोटो काढला, संगणकावर खूप फाँट ताडून पाहिले आणि सर्वांत जवळच्या फाँटमध्ये नाव छापून दिले. अक्षरे रेखीव होती. घड्याळजींनी कागद पाहिला. "छान आहे. पण हे आपलं नाही," म्हणून त्यांनी तोंड फिरवले.

सून हिरमुसून मला घेऊन पुन्हा बाईंकडे गेली. आता बाईंनी माझ्यावर पातळ कागद ठेवला, पहिला क गिरवला आणि तो दुसऱ्यावर सरकवला. दोन्ही जुळेनात.

"अहो, फाँटमधले दोन क जुळे असतात. हे नुसते सख्खे भाऊ आहेत," त्या म्हणाल्या. "हा फाँटच नाही. कुणीतरी हातानं लिहिलंय."

सुनेने घरी येऊन विचारले, "बाबा, पाटी कुणी लिहिली होती?"

घड्याळजींनी हातातले घड्याळ बाजूला ठेवले. मग म्हणाले, "तुझ्या सासूनं." त्या दिवशी ते पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलले, अगदी भरभरून.

बाईंनी एकेक अक्षर गिरवून घेतले. झुकलेला क झुकलेलाच ठेवला. नवी पाटी दाखवताना त्या संकोचून म्हणाल्या, "ही पहिली वेलांटी मात्र माझी आहे. काकूंची उरलीच नव्हती."

घड्याळजींनी वेलांटीवरून बोट फिरवले. "असू दे, पोरी. तिला सोबत झाली," ते म्हणाले आणि आपल्या हत्यारांची पेटी आवरायला उठले.

मी आता नव्या दुकानात आतल्या भिंतीला टेकून असते. मित्रांनो, जुने काही नव्याने करताना वाकडे दिसले म्हणून लगेच सरळ करू नका. घरात कुणाच्या हातचे काही असेल, तर ते कुणी केले, कसे केले, हे विचारून घ्या. सांगणारे माणूस समोर बसलेले आहे, तोवरच विचारा.