चढू का?

मास्तरांच्या घरामागे तो टॉवर उभा राहिला तेव्हा गल्लीने आधी तोंडात बोटं घातली आणि मग नाकं मुरडली. कोणी म्हणालं, मास्तर फुकटात परदेशी चॅनेल बघतात. कोणी म्हणालं, हेरगिरी करतात. पुढे कितीतरी वर्षं कोणाचा टीव्ही बिघडो की कोणाचं दूध नासो, बोट टॉवरकडेच. खरं तर मास्तर तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवायचे आणि त्यांना हॅम रेडिओचा नाद होता. रीतसर परवाना घ्यायचा, आपल्या खोलीत बसायचं आणि जगभरच्या अशाच नादिष्ट माणसांशी गप्पा मारायच्या, एवढंच. पण हे 'एवढंच' गल्लीसाठी. मास्तरीणबाईंना कोणी विचारलं असतं तर त्यांनी निराळं सांगितलं असतं.

सगळं जग त्यांना मास्तरीणबाईच म्हणायचं. स्वतःचं नाव त्या आता फक्त दवाखान्यात ऐकायच्या.

टॉवर म्हणजे लोखंडी शिडीसारखा तीन पायांचा खांब, तिन्ही बाजूंनी तारांनी ताणून धरलेला, आणि अगदी वर ती आडव्या नळ्यांची अँटेना. पाण्याच्या टाक्यांपेक्षाही उंच. अशा वस्तूला लहान मुलासारखं जपावं लागतं. तारा सैल पडतात, त्या आवळायच्या. बोल्ट गंजतात, त्यांना ग्रीस लावायचं. वरच्या जोडांवरची टेप उन्हाने कडक होऊन सुटते, ती बदलायची. त्यासाठी दर वर्षी मास्तर कमरेला पट्टा बांधून चढायचे, आणि खाली दोरी धरायला बाई असायच्या. नवी नवरी होत्या तेव्हापासून.

या कामाचा एक नियम मास्तरांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. चढणाऱ्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवून खालच्याला विचारायचं, "चढू का?" खालचा 'चढा' म्हणाला तरच चढायचं. 'नको' म्हणाला तर पट्टा सोडायचा, आणि का म्हणून विचारायचं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. कारण खालच्याला जे दिसतं ते चढणाऱ्याला दिसत नसतं, असं मास्तर म्हणायचे. बाईंना हा नियम फार आवडायचा. त्या घरात भाजी कुठली आणायची इथपासून घर कुठे बांधायचं इथपर्यंत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. परवानगी मागितली जायची ती या एकाच गोष्टीसाठी. दोरी हातात घेऊन मान वर करून 'चढा' म्हणताना त्यांना आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं, आणि मास्तर खाली येईपर्यंत त्या श्वाससुद्धा बेताने घ्यायच्या.

पुढे बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. दोरी धरायला त्यांचा धाकटा भाऊ येऊ लागला. पलीकडच्या रस्त्यावर त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. पण प्रश्न मात्र मास्तर अजूनही बाईंनाच विचारायचे, आणि त्या मागच्या दारात उभ्या राहून उत्तर द्यायच्या.

बाकीचा वेळ मास्तर त्यांच्या खोलीत. निवृत्त झाल्यावर तर मुक्कामच तिथे. बाई चहा घेऊन दारात आल्या की मास्तर मागे न बघता डावा पंजा वर करायचे. म्हणजे, गप्प, मी बोलतोय. बाहेर ज्या माणसाचं बोलणं 'हं', 'असू दे' आणि 'मीठ' एवढ्यात आटपायचं, तो माणूस त्या माइकसमोर खो-खो हसायचा, कोट्या करायचा, जुन्या आठवणी काढून हळवा व्हायचा. त्यांचा सगळ्यात जिवलग म्हणजे कॅप्टन. हा जहाजावरून निवृत्त झालेला अधिकारी, कुठल्याशा दूरच्या किनाऱ्यावर राहायचा. त्याला मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्याच्या सुनेचं कोणाशी पटत नाही हे मास्तरांना ठाऊक होतं, त्याचं कुत्रं कधी मेलं हेही ठाऊक होतं.

एके दिवशी बाई एकट्याच दवाखान्यातून आल्या. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं. चपला न काढता त्या थेट खोलीच्या दारात गेल्या. पंजा वर झाला. मास्तर माइकमध्ये अगदी मायेने विचारत होते, "बाकी कॅप्टन, गुडघे काय म्हणतायत तुमचे? तेल लावता की नाही? ओव्हर."

बाई तशाच मागे फिरल्या. स्वयंपाकघरात येऊन बसल्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप, आणि असा की भांड्यांना हात लावायचीही भीती वाटली.

खूप वर्षांपूर्वी मास्तरांनीच त्यांना एक किस्सा सांगितला होता. मास्तरांच्या गुरूंच्या शेजाऱ्याला अँटेनाचा राग होता. त्याने काय करावं, तर अँटेनाच्या जाड केबलमध्ये टाचणी खुपसली आणि तिचं डोकं तोडून टाकलं. टाचणी आतल्या तारेला आणि बाहेरच्या जाळीला एकदमच टेकते, आणि रेडिओ ठार. वरून काही दिसत नाही. बिचारे गुरुजी महिनाभर डोकं धरून बसले होते. हे सांगताना मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते, आणि नव्या नवरीचा हात त्यांच्या हातात होता.

दुपारी मास्तर जरा आडवे झाले तेव्हा बाईंनी शिवणाच्या डब्यातून टाचणी काढली. खिडकीच्या चौकटीतून केबल आत येते आणि कपाटामागून टेबलाकडे जाते, तिथे ती खुपसली. मास्तरांच्याच पकडीने डोकं तोडलं.

त्या संध्याकाळी रेडिओच्या मीटरचा काटा पार लाल पट्ट्यात जाऊन बसला. ऐकू येणं बंद, बोलणं बंद. बराच वेळ खोलीतून खुडबुड ऐकू येत होती, मग तीही थांबली. आणि मास्तर चक्क स्वयंपाकघरात येऊन बसले. बाई पोळ्या लाटत होत्या, मास्तर बघत होते. किती वर्षांनी. बाईंना आपल्या पाठीवर ती नजर जाणवत होती, आणि खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटत होतं. उद्या सांगू ऑपरेशनचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

जेवण झाल्यावर मास्तर म्हणाले, "वर चढावं लागणार."

बाईंच्या हातातलं झाकण खाली पडलं. हा विचार त्यांनी केलाच नव्हता. रेडिओ बंद पडेल, माणूस खोलीबाहेर येईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. या वयात हा माणूस टॉवर चढेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

"वरच कशावरून? खाली नसेल कशावरून?" त्या जपून म्हणाल्या.

"ऊन-पाऊस वर असतो," मास्तर म्हणाले. "दोष वरच असणार."

दुसऱ्या दिवशी भाऊ दोरी घेऊन आला. मास्तरांनी पट्टा आवळला, रेडिओची वायर काढून नेहमीप्रमाणे खिशात घातली, म्हणजे खाली कोणी चुकून सुरू करायला नको. पाय पहिल्या पायरीवर ठेवला.

"चढू का?"

बाई दारात. त्यांना वाटलं, आज 'नको' म्हटलं तर यांना संशय येईल. एकदा चढतील, काही सापडणार नाही, कंटाळून सोडून देतील.

"चढा," त्या म्हणाल्या.

मास्तर चढले, वरचा जोड सोडून नवा केला, टेप गुंडाळली, उतरले. काटा लाल पट्ट्यातच.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी भाऊ म्हणाला, "भावोजी, आधी खालूनच मीटर लावून केबल तपासायला नको का? आमच्या पंख्यालासुद्धा आम्ही आधी प्लग बघतो."

"तू दोरी धर," मास्तर म्हणाले, आणि बाईंकडे वळले. "चढू का?"

आता बाईंना लाज वाटत होती. आज 'नको' म्हणायचं तर परवा का नाही म्हटलं? बायको आपल्या नवऱ्याला उगाच त्या उंचीवर पाठवते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पहिली चूक झाकायला दुसरी, इतकं सोपं होतं ते. 'चढा' म्हणून त्या आत गेल्या आणि गॅसजवळ उभ्या राहिल्या. पुन्हा वर काही सापडलं नाही.

तिसऱ्या खेपेला वारा होता. ताणाच्या तारा गुणगुणत होत्या, वरच्या नळ्या हलताना खालून दिसत होत्या.

"भावोजी, आज राहू द्या. वारा बघा."

"तुला विचारलेलं नाही मी," मास्तर म्हणाले. पाय पायरीवर होता. ते बाईंकडे बघत राहिले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. "चढू का?"

बाईंच्या ओठांवर 'नको' आलं होतं. पण सकाळीच त्या मुद्दाम त्यांच्यासमोरून लंगडत गेल्या होत्या, आणि मास्तरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं. बाईंच्या मनात आलं, एकदा विचार की माझे गुडघे कसे आहेत. एकदा विचार, मी आत्ता सगळं सांगते. मास्तरांनी 'चढू का' सोडून दुसरं काही विचारलं नव्हतं.

"चढा," त्या म्हणाल्या.

मास्तर निम्म्याच्या वर गेले होते. पहाटेच्या सरीने पायऱ्या अजून ओल्या होत्या. एक पाय सटकला, मग दुसरा. पान्हा खणखणत खाली आला. मास्तर पट्ट्याला लोंबकळत राहिले. भाऊ ओरडत होता, "हात धरा, डावा हात धरा!" मास्तरांनी हात धरला, पाय टेकवला, बराच वेळ लोखंडाला कपाळ लावून थांबले आणि एकेक पायरी करत उतरले. बोटांची सालटं निघाली होती.

भाऊ गेला. जाताना बहिणीला म्हणाला, "ताई, तुझंच ऐकतात ते. आता तरी थांबव."

बाई मलम घेऊन आल्या. मास्तर स्वयंपाकघरात त्याच खुर्चीवर बसले होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची छोटी पुडी काढली आणि टेबलावर उलगडली. आत डोकं तोडलेली टाचणी.

"पहिल्याच दिवशी सापडली," ते म्हणाले. "मीटर लावला, केबलवरून अंगठा फिरवला, लागली. परत तिथेच खोचून ठेवली होती, आज सकाळी काढली."

बाई उभ्याच राहिल्या. "मग चढलात कशाला?"

"तू 'नको' म्हणतेस का ते बघायला."

मलमाचं झाकण बाईंना बंद करता येईना. "त्या संध्याकाळी इथे येऊन बसलात, तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून बसलो होतो. तू पोळ्या लाटत होतीस."

"माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "दोन्ही. तेच सांगायला आले होते मी. तुम्ही कॅप्टनचे गुडघे विचारत होता."

मास्तरांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग टाचणी पुन्हा कागदात गुंडाळली.

"आणि मी 'नको' म्हटलं असतं तर?" बाईंनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी टॉवर उतरवला असता. का म्हणून विचारलं नसतं." मास्तर उठले. "नियमच आहे तो."

खरं की खोटं, देव जाणे. बाईंना ते आता कधीच कळणार नव्हतं. मास्तर खरं बोलत असतील तर एका शब्दावर त्यांना सगळं मिळालं असतं, आणि तो शब्द त्यांनी तीनदा गिळला होता. खोटं बोलत असतील तर या माणसाने जाता जाता त्यांना जन्मभर पुरेल असा एक काटा टोचून ठेवला होता. दोन्ही तितकंच वाईट होतं.

खोलीतून सोल्डरचा वास आला. मास्तरांनी केबलचा खराब तुकडा कापून नवा जोड लावला. थोड्याच वेळात खरखर ऐकू आली, आणि मग तीन वेळा टॉवर चढल्याचं सांगणारा त्यांचा तो दुसरा, मोकळा आवाज.

बाईंनी चहा केला. सवयच ती. कप घेऊन भिंतीला धरत दारापर्यंत गेल्या.

"सापडला का हो मास्तर तुमचा दोष?" कॅप्टन विचारत होता. "कुठे होता? ओव्हर."

"घरातच होता," मास्तर म्हणाले. "खालच्या टोकाला. वर सगळं ठीक होतं. ओव्हर."

"म्हणजे तीनदा फुकट चढलात की." कॅप्टन हसला. "वहिनी काही म्हणाल्या नाहीत?"

मास्तरांनी माइकचं बटण दाबलं. "नाही," ते म्हणाले. "काही नाही म्हणाली."

बाईंनी आत जाऊन कप टेबलावर ठेवला. मास्तरांनी मागे पाहिलं नाही, आणि आज पंजाही वर केला नाही. आता त्याची गरज उरली नव्हती.