पुतळाचे दोन हात

सयाजी काळेवाडीचा. नदीपलीकडं पिंपरीच्या बाजूला नवा कारखाना निघाला, तेव्हा गावातून कामाला लागलेल्या पहिल्या चौघांतला तो एक. यंत्रं आणि फरशा धुवायला तिथं पांढरा सोडा वापरत. फाटक्या गोणीतला सांडलेला सोडा कोणी घरी नेला तर हरकत घेत नसत. सयाजीनं एकदा डबाभर आणला आणि बायकोपुढं, पुतळापुढं ठेवला.

"राख, रिठं समदं बंद कर आता," तो तिला म्हणाला. "चिमूटभर टाक, मळ पळतो का न्हाई बघ."

मळ खरोखरच पळाला. धोतरं पांढरीशुभ्र झाली, तेलकट कढई एका घासण्यात लख्ख झाली. सयाजीची आई हरखून गेली. शेजारच्या अंबुबाईकडंही वाटीभर सोडा गेला.

महिन्याभरात पुतळाचे हात फुटले. आधी खाज, मग बोटांच्या बेचक्यांत भेगा, मग तळव्यांची सालं निघायला लागली. भाकरी थापताना पिठाला रक्त लागलं, ते सासूनं पाहिलं. पवना नदीच्या घाटावर कुजबुज सुरू झाली. रगतपिती, महारोग तर नव्हे? अंबुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "पुतळे, तू आपली खालच्या अंगाला बस बाई. हितलं पानी आमी पितो."

सासूनं तिला चुलीला शिवायची बंदी केली. धुणं-भांडी तेवढी तिच्याकडं राहिली, कारण ती सोड्यात व्हायची आणि सोड्यापुढं कसलाही रोग टिकणार नाही असं म्हातारीला वाटे. म्हणून तिनं आणखी एक उपाय काढला. दिवसातून तीनदा ऊन पाण्यात सोडा कालवायचा आणि पुतळानं त्यात हात धुवायचे. सयाजीनं आणखी एक डबा भरून आणला. काळजीपोटीच आणला.

हात आणखी चिघळले. मग सासूनं चाकणला पुतळाच्या भावाला निरोप धाडला, "गेनू, येत्या आईतवारच्या पुढच्या आईतवारी बैलगाडी घेऊन ये आन् बहिणीला घेऊन जा. बरी झाली की धाडा." बरी झाली की, म्हणजे काय, ते सयाजीला कळत होतं. असल्या कारणानं माहेरी गेलेली बाई परत येत नाही. त्याच्या मामानं तर दुसरी पोरगी हेरूनसुद्धा ठेवली होती. आईपुढं बोलायची सयाजीची छाती नव्हती. तो नुसता आतल्या आत जळत राहिला.

त्यातच पुतळा चार दिवस बाहेर बसली. गोठ्याच्या पडवीत, एका घोंगडीवर. धुणं नाही, भांडी नाही, सोड्याचं पाणी नाही, कशाला शिवणं नाही. पाचव्या दिवशी, रविवारी, न्हाऊन आल्यावर तिनं सयाजीला हाक मारली.

"हितं बघा जरा."

भेगा मिटत आल्या होत्या. बेचक्यांत नवी गुलाबी कातडी दिसत होती.

"चार दिस मी भांड्याला हात लावला न्हाई," ती म्हणाली. "रोग असा सुट्टी घेतोय व्हय?"

सयाजी तिच्या हातांकडं बघतच राहिला. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण तिचे हात त्यानं असे धरून कधी पाहिले नव्हते.

"सोडा," तो पुटपुटला.

"तुमचाच."

"आत्ता उकिरड्यावर फेकतो!"

"थांबा. फेकला आन् दोनी हात बरं झालं, तर आत्याबाई काय म्हनतील? भैरोबाला नवस केलाय त्यांनी. देवाला गुन आला म्हनतील, आन् सोडा पुन्यांदा घरात." ती जरा हसली. "उजवा हात सोड्यातच राहू दे. डावा माझ्या रीतीनं धुते. देव काय येकाच हाताला पावतोय व्हय?"

"आगं, पर उजवा सडंल की!"

"सडू दे आठ दिस. गाडी यायला तेवढंच दिस हायेत."

तिनं सासूला फक्त एवढंच सांगितलं की आठ दिवस डावा हात सोड्यात घालणार नाही. म्हातारी कुरकुरली, पण येत्या रविवारी ही जाणारच म्हणून गप्प बसली.

कपड्यांसाठी पुतळानं रिठे भिजत घातले, बिया काढल्या, उकळून फेस केला. भांड्यांना आधी राख घेतली. डाव्या हाताला तीही झोंबली, म्हणून दुपारीच राख सोडली आणि गव्हाचा कोंडा घेतला. कोंडा तेल सगळं टिपून घेई. पितळेला आंबट ताक. काम झालं की नुसतं पाणी आणि करडईच्या तेलाचा हात. उजव्याला मात्र सांगितल्याप्रमाणे तीन वेळा सोडा. त्या वेळी ती ओठ दाबून धरायची. सयाजी कामाला जाताना मान वळवून घ्यायचा.

कारखान्यात मोठी शिकलेली माणसं काचेच्या नळ्या उजेडात धरून तपासताना त्यानं पाहिली होती. चुकलं तर त्यांची नळी फुटायची. इथं अंगठा उठवणारी त्याची बायको आपलंच कातडं पणाला लावत होती, आणि राख चुकली तर लगेच बदलत होती, हट्ट न धरता.

रविवारी गेनू गाडी घेऊन आला. अंगणात अंबुबाई आणि चार बायका जमल्या. पुतळानं सासूपुढं दोन्ही हात पसरले. उजवा लालभडक, फुटलेला. डावा कोणाही बाईचा असतो तसा.

"आत्याबाई, रगतपिती असती तर तिनं दोनी हात धरलं नसतं का?"

मग सयाजी बोलला, आईच्या तोंडावर, पहिल्यांदा. "आये, दोष माझा हाय. सोडा मी आनला. ही कुटं जानार न्हाई."

अंबुबाई पदराखाली हात चोरत होती. पुतळानं पाहिलं. "दावा की अंबुबाई."

"मला काय झालंय?"

"मग दावा की."

अंबुबाईनं हात बाहेर काढले. बेचक्यांत त्याच भेगा. एक बाई फिसकन हसली, "आता हिला खालच्या अंगाला बसवा!"

"हसू नका गं," पुतळा म्हणाली. "सांच्याला या अंबुबाई, रिठं देते."

सासू बराच वेळ पुतळाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून उलटेपालटे करत राहिली. मग गेनूकडं वळली. "बैलं सोड बाबा. जेवून जा."

पुतळा चुलीकडं निघाली.

"ए, उजव्या हातानं पीठ मळनार हायस व्हय?" म्हातारी ओरडली. "बस तिकडं. भाकरी मी थापते. तू वाढ."

पुतळानं डाव्या हातानं वाढलं. पहिली भाकरी सासूनं पुतळाच्या हातून आपल्याच ताटात घालून घेतली, आणि सगळ्यांच्या आधी तिचा तुकडा मोडला.